भाऊसाहेबांची तयारी

सभा कुठलीही असो, उतेकर भाऊसाहेब आदल्या दिवशी जाऊन त्या खोलीतल्या प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून येत. खुर्च्या नसल्या तर सतरंजीवर मांडी घालून चारही कोपऱ्यांत बसत. कुठून काय दिसतं, ऊन कुणाच्या तोंडावर येतं, कोण कुणाच्या नजरेसमोर पडेल, हे सगळं आधी बघून ठेवायचं. भांडखोर माणूस पंख्याखाली बसवावा, आणि मुक्या माणसाला दाराजवळ बसू देऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं. मुका माणूस न बोलता उठून जातो आणि घरी जाऊन बोलतो, असं ते म्हणत. चहाचंही त्यांचं शास्त्र होतं. चहा सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही, आवाज चढायला लागले की द्यायचा. हातात गरम कप असला की हातवारे करता येत नाहीत. हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की मी हसलो तर त्यांना खरोखरच वाईट वाटायचं.

ते गावचे ग्रामसेवक आणि मी तिथल्या शाळेचा मास्तर. गाव पोलादपूरहून वर, डोंगरात. खालचं गाव मोठं. त्यात शाळा, ग्रामपंचायत आणि समोर गायरानाचा सपाट माळ. तिथून अर्ध्या तासाच्या चढावर वरची वाडी. भाऊसाहेब मूळचे वरंधकडचे, पोलादपुरात एक खोली घेऊन राहिलेले. मी महाडचा, रोज मोटारसायकलनं ये-जा करणारा. अंगानं ते काटकुळे, आवाज बारीक, आणि शर्टाच्या खिशाला कायमचा लालसर डाग. खिशात आमसुलं असायची. सभेत घशाला कोरड पडते म्हणून एक तोंडात, एक तयारीत. त्यांच्या बायकोनं तो डाग काढायचा नाद केव्हाच सोडला होता.

खरी गोष्ट अशी, की हा माणूस सभेला घाबरायचा. नोकरीची सगळी वर्षं ज्यानं महिन्याला चार-दोन बैठका केल्या, तो प्रत्येक बैठकीआधी तीनदा लघवीला जाऊन यायचा. मी स्वतः मीटिंगला पेनसुद्धा न नेणारा, शेजाऱ्याचं घेणारा. त्यामुळे मला त्यांची गंमत वाटायची, आणि ती मी लपवतही नसे.

आमची ओळख झाली तीही अशीच. शाळा सुटली होती, मी कुलूप शोधत होतो, आणि चौथीच्या वर्गातून बोलण्याचा आवाज आला. बघतो तर भाऊसाहेब पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले, आणि समोरच्या रिकाम्या बाकांना नळपाणी योजना समजावून देत होते. मला बघून ते ओशाळले, पण लगेच सावरून म्हणाले, "बरं झालं आलात मास्तर. तुम्ही जरा शांताराम मोरे व्हा."

शांताराम मोरे हा वरच्या वाडीतला. मुंबईत बरीच वर्षं कंपनीत काढून परत आलेला, आवाज खणखणीत, प्रत्येक सभेत पहिला प्रश्न त्याचाच.

"मी काय बोलू?"

"बोला, की टाकी खालच्या गावात का, आमच्याकडे का नाय?"

मी शांताराम झालो. थोडा हातही आपटला. भाऊसाहेब उत्तर द्यायला लागले, अडखळले, पुन्हा लागले आणि शेवटी चक्क माझ्याशी हरले. मग खिशातून आमसूल काढून तोंडात टाकून म्हणाले, "हेच होणार होतं. आता दुसऱ्या बाजूनं येतो. परत विचारा." त्या दिवशी मी शांताराम झालो, सरपंचताई झालो, पंचायत समितीचा इंजिनिअर झालो, आणि एकदा तर मला भाऊसाहेब करून ते स्वतः शांताराम झाले. अंधारून आलं तेव्हा सुटलो. आणि सांगायला हवं, की पुढच्या सोमवारी खरा शांताराम जे बोलला ते निम्म्याहून अधिक त्यांनी माझ्याकडून आधीच बोलवून घेतलं होतं. टाकी बिनविरोध झाली.

एकदा मी त्यांना विचारलंच. "भाऊसाहेब, एवढी तयारी खरंच लागते का हो? चार माणसं जमणार, दोन बोलणार, बाकीची चहा पिणार."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "मास्तर, तुमचं पोर पेपरात नापास झालं तर पुढल्या वर्षी परत बसतं. सभा नापास झाली तर माणसं एकमेकांच्या अंगणातून जायची बंद होतात."

मग त्यांनी नव्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. वरंधच्या बाजूचंच एक गाव, दोन वाड्या आणि मध्ये एक विहीर. सभेत विहिरीची दुरुस्ती आणि पाण्याच्या पाळ्या असे दोन विषय. दुरुस्ती आधी घ्यायला हवी होती. सगळ्यांच्या फायद्याची गोष्ट, माणसं खूश झाली असती. ह्यांनी तयारी न करता कागद हातात आला तसा वाचला आणि पाळ्या आधी घेतल्या. दुरुस्तीपर्यंत सभा पोचलीच नाही. त्या उन्हाळ्यात एका वाडीच्या बायका नदीवरून पाणी आणत होत्या, विहिरीला पाणी असताना. त्यातली एक बाई रस्त्यात ह्यांना म्हणाली, "भाऊसायब, तुमी येकच गोष्ट आदी बोललाव बगा." एवढंच म्हणाली आणि हंडा घेऊन चालायला लागली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं, असं भाऊसाहेब म्हणाले.

अर्थात एवढी तयारी करूनही फजिती व्हायची ती व्हायचीच. हा किस्सा मला दुसऱ्या एका ग्रामसेवकानं सांगितला. पोलादपूरला आढावा बैठक होती, नवीन साहेब आले होते. भाऊसाहेबांनी घरपट्टी, पाणीपट्टी, शौचालयं, घरकुलं, सगळं तोंडपाठ केलं होतं. त्यांची पाळी आली, ते उभे राहिले. साहेबांनी सहज, ओळख म्हणून विचारलं, "आपण मूळचे कुठले?" आणि भाऊसाहेबांना उत्तर येईना. हा प्रश्न त्यांनी तयारच केला नव्हता. शेजारच्यानं शेवटी "वरंध, वरंध" असं कुजबुजून सांगितलं, तसं ह्यांनी "वरंध, साहेब, पण माहिती बघून सांगतो" असं ठोकून दिलं. सगळी खोली हसली. ही गोष्ट मी त्यांना ऐकवली तेव्हा तेही हसले, पण जरा उशिरा.

आता ज्या वर्षामुळे हे सगळं लिहितो आहे, त्या वर्षाकडे येतो.

आम्ही महाडकर पाण्याला भितो. पावसाळा तोंडावर आला की तळमजल्यावरचं सामान वर चढतं, फ्रीजच्या पायांखाली विटा जातात, आणि दिवसातून दहा वेळा सावित्री नदीकडे कुणी ना कुणी बघून येतं. डोंगरातली माणसं मात्र डोंगराला भीत नाहीत असा माझा समज होता. पाठीशी उभा असलेल्याला कोण भिणार? वरच्या वाडीच्या डोक्यावर भेग गेली आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हाही वाडीतली माणसं निवांत होती. एप्रिलचे दिवस. गुराख्याचा पाय त्या भेगेत गेला म्हणून ती सापडली. मग लक्षात आलं, की वाडीच्या मागचा झरा जागा बदलून खाली आलाय, आणि त्याचं पाणी गढूळ येतंय. तपासायला तालुक्यातून माणसं आली, त्यांनी भेगेत काठ्या घातल्या, फोटो काढले आणि तोंडी सांगितलं, की मोठा पाऊस लागायच्या आत इथून उठा.

भाऊसाहेब त्या दिवशी माझ्याबरोबर वर आले होते. सगळे भेगेच्या काठाशी वाकून बघत होते. हे चार हात मागे उभे होते, आणि भेगेकडे नाही, खाली वाडीच्या कौलांकडे बघत होते. एका अंगणात कुणी तरी कुरडया वाळत घातल्या होत्या. खाली आल्यावर शाळेच्या नळाला तोंड लावून बराच वेळ पाणी पीत राहिले.

उठायचं म्हणजे जायचं कुठे? जागा एकच होती, खालच्या गावासमोरचं गायरान. तिथे पत्र्याच्या शेड उभ्या करून द्यायला तालुक्याची तयारी होती. पण जमीन गावाच्या चराईची, तेव्हा ग्रामसभेचा ठराव हवा. आणि इथेच सगळ्यांना धडकी भरली. खालच्या गावानं आपली गुरं चरायची जागा वरच्या वाडीला द्यायची, ज्या वाडीशी टाकीवरून, होळीवरून, कशावरूनही वाजायचं! सभा बिनसली तर वाडी पावसाळ्यात जागच्या जागी. मे महिना सुरू झाला होता.

भाऊसाहेबांनी आयुष्यात केली नव्हती एवढी तयारी त्या सभेची केली. वर्गात रिहर्सल करायचंही त्यांनी सोडून दिलं. ते सरळ घरोघर जायला लागले. दोन्हीकडची एकूण एक घरं. बसायचे, पाणी प्यायचे, पोराबाळांची चौकशी करायचे आणि मग विषय काढायचे. मुंबईला असलेल्यांना फोन लावून द्यायचे. मी दोन-तीन रविवार त्यांच्याबरोबर हिंडलो. खालच्या गावातले तापट म्हणून प्रसिद्ध असलेले लोकही त्यांच्यापुढे नरम येत होते. कारण हा माणूस मोठं काही बोलतच नव्हता. "आज त्यांच्यावर आलीय, पण पाऊस काय नाव विचारून येतो का?" एवढंच.

आणि तरी त्यांना भरवसा वाटेना. घरात हो म्हणणारी माणसं सभेत दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून त्यांनी तिथली एक जुनी रीत वापरली. त्या गावात मोठा शब्द द्यायचा असला, सोयरिकीचा म्हणा, जमिनीच्या बांधाचा म्हणा, तर घरातल्या देवापुढे सुपारी हातावर ठेवून देतात. दिला की दिला. मग तो विषय संपतो, आणि त्याबद्दल पुन्हा विचारणं म्हणजे त्या घराचा अपमान. भाऊसाहेब सुपाऱ्यांची पिशवी घेऊन दोन्हीकडच्या घरांतून फिरले. एकाही घरानं नाही म्हटलं नाही. वरच्या वाडीतली पार्वताबाई, सगळ्यांत म्हातारी आणि जिला ठराव म्हणजे काय हेसुद्धा सांगावं लागलं, तिनं सुपारी हातात घेऊन म्हटलं, "जा सांगितलंस की जाईन. दिला शबुद."

सभेच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब मला म्हणाले, "मास्तर, पहिल्यांदाच पोटात गोळा आला नाय." चेहरा इतका मोकळा झाला होता की मला त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं, आणि मी केलंही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात सतरंज्या पडल्या. सरपंचताई आल्या, तलाठी आले, तालुक्याचा माणूस आला. चहा, पाणी, सगळं जागेवर होतं. अकरा वाजले, बारा वाजले. माणसं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली दोन शाळेच्या वऱ्हांड्यात सावलीला बसायला आलेली. गणपूर्ती होईना. भाऊसाहेबांनी पोरांना पिटाळलं, स्वतः पळत गेले. मी वर जाऊन शांतारामला घरी गाठलं. तो निवांत दोरी वळत बसला होता.

"अरे, सभा आहे ना!"

"कसली सभा? आमचं तर झालं ना बोलणं."

"झालं रे, पण हात वर करायला या."

शांताराम दोरी वळायचा थांबला. "गुरुजी, सुपारीवर शबुद दिलाय. आता परत हात वर करायचा म्हंजे काय? भाऊसायबांना आमचा इश्वास नाय?"

घरोघर हेच उत्तर. कुणी रागानं, कुणी हसून दिलं. मुंबईकरांनी ग्रुपवर अंगठे पाठवले होते, त्यांच्या मते तेही हजर होते. एका माणसाचाही विरोध नसलेली ती ग्रामसभा माणसं नाहीत म्हणून सरपंचताईंना तहकूब करावी लागली. पुढची तारीख नियमाप्रमाणे नोटीस देऊन, म्हणजे आठवडा उलटल्यावर. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, एवढाच काय तो दिलासा.

भाऊसाहेब रिकाम्या सतरंजीवर बसून राहिले. मी काही तरी सांत्वनाचं बोललो. ते म्हणाले, "आठ दिवस." आणि वर डोंगराकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर जी भीती मी त्या वेळी बघितली, ती सभेची नव्हती. त्यानंतर माझ्याही मनात ती येऊन बसली आणि आजतागायत पुरती गेलेली नाही.

पाऊस तारखेची वाट बघणार नव्हताच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारपासून असा लागला की समोरचं गायरान दिसेना. कशेडी घाटात माती रस्त्यावर आल्याची बातमी फोनवर आली आणि पाठोपाठ फोन बंद पडले. शाळेला सुट्टीच होती. मी दाखल्यांच्या कामासाठी आलो होतो आणि अडकलो होतो. एवढ्यात भाऊसाहेब आले. छत्री नाही, शर्ट अंगाला चिकटलेला, खिशातल्या आमसुलांचा रंग छातीवरून पोटापर्यंत ओघळलेला. क्षणभर मला ते रक्तच वाटलं.

"शाळा उघडा," ते म्हणाले. "सगळे वर्ग. मी वर चाललोय."

मी कुलपं काढून त्यांच्या मागे निघालो. ती चढण मी पुन्हा चढणार नाही. वाटेवरून पाणी येत होतं, आणि पाण्याबरोबर लहान लहान दगड खडखडत येत होते. प्रत्येक खडखडाटाला मी थांबत होतो आणि भाऊसाहेब थांबत नव्हते. वाडीच्या मागचा झरा तर आता ओढा झाला होता आणि त्याचं पाणी चहासारखं लाल.

शांताराम पडवीतच उभा होता. त्यानं आम्हाला बघून आधी विचारलं ते हेच. "ठराव झाला?"

"नाय."

"शेड उभ्या राहिल्या?"

"नाय."

"मंग आलाव कशाला, एवढ्या पावसात?"

आजूबाजूच्या पडव्यांतून माणसं बघत होती. दोघे-तिघे हसलेही. मी भाऊसाहेबांकडे बघितलं. एवढी वर्षं ज्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी घोकलं, ते आता काही तरी बोलतील म्हणून थांबलो. त्यांनी तोंड उघडलं. आवाजच आला नाही. ते अंगणात घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते, हनुवटी कापत होती, आणि डोळे शांतारामवर नाहीत, त्याच्या घराच्या मागच्या दरडीवर.

शांतारामची बायको सुमन आतून बाहेर आली. तिनं एकदाच भाऊसाहेबांकडे नीट बघितलं.

"अवो, ह्या माणसाचं त्वांड तर बगा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि आत जाऊन अंथरुणं गुंडाळायला लागली.

एक घर निघालं तशी बाकीची निघाली. कुरकुर पुष्कळ झाली. पार्वताबाईला शांतारामनं पाठुंगळी घेतलं. ती वाटभर सांगत होती, की मी भिऊन जात नाय, शबुद दिलाय म्हनून जाते.

शाळेत एकेका वर्गात पाच-सहा घरं. खालच्या गावानं तांदूळ आणले, लाकडं आणली. दोन दिवसांत पाऊस ओसरला आणि कुरकुर वाढली. डोंगर जागेवर होता. बाप्ये दिवसा वर जायला लागले, गुरं बघायला, दूध काढायला, कौलं सारखी करायला. भाऊसाहेब प्रत्येकाला शाळेच्या फाटकात अडवून सांगत, नका जाऊ. मग तेच रोज वाटेवर बसून येणाऱ्यांची वाट बघत. पोलादपूरच्या खोलीवर ते गेलेच नाहीत. "घाबरट हाय पन मानूस वाईट नाय," असं शांताराम त्यांच्यासमोरच म्हणायचा.

तहकूब सभेचा दिवस उजाडला. रात्रीपासून पुन्हा पाऊस लागला होता. सभा शाळेच्याच एका वर्गात, आणि ह्या सभेची तयारी शून्य होती. वीज नाही, चहा नाही, आणि कोण कुठे बसलंय हे त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी एकच हट्ट धरला, की सभा अकराच्या ठोक्याला सुरू होणार आणि वर गेलेली माणसं खाली आल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही. गणपूर्तीची अट नाही, मोजक्या माणसांत उरकून टाकू, असं सरपंचताईंनीही सुचवून बघितलं. ते ऐकेनात. दोन पोरांना वर धाडलं. माणसं चिखलानं भरलेले पाय घेऊन, वैतागत खाली आली. शांताराम तर दुधाची किटली अर्धीच भरून आला होता. म्हैस तशीच सोडून यावं लागलं म्हणून तो बसतानाच दोन शब्द बोलला.

भाऊसाहेबांनी हजेरी सुरू केली. एकेक नाव घ्यायचे आणि माणूस "हाय" म्हणायचा.

सात-आठ नावं झाली असतील. आधी बाकं हलली. फरशीवर बाकांचे पाय टकटक वाजले, पोरं मस्ती करतात तेव्हा वाजतात तसे, पण बाकांवर पोरं नव्हती. मग आवाज आला. तो एकदम आला नाही, वाढत गेला, आणि थांबेल थांबेल असं वाटतानाच आणखी वाढला. त्यानंतर ओल्या मातीचा इतका दाट वास आत शिरला की मला खोकला आला. कुणीच ओरडलं नाही. सगळ्यांना एकाच वेळी कळलं होतं.

पहिला शांताराम उठला. त्याच्यामागे सगळे बाप्ये. दाराकडे झेप घेतली त्यांनी, वर पळायला. एकदा सुरुवात झाली असती तर सगळी वाडी त्या वाटेवर गेली असती, आणि वरून अजून माती येत होती.

"बसा!"

तो आवाज भाऊसाहेबांचा होता हे मला लगेच कळलं नाही. "बसा खाली! हजेरी चालू हाय! सभा सुरू हाय! शांताराम, बस!"

आणि शांताराम बसला. का बसला हे त्यालाही सांगता येत नाही. भाऊसाहेब दारात जाऊन उभे राहिले आणि तिथून नावं वाचायला लागले. पहिल्यापासून. बाहेर दगड कोसळत होते आणि हा माणूस ओरडून ओरडून नावं घेत होता, आणि प्रत्येक नावाला आतून "हाय" येत होतं. कुणाचं रडत, कुणाचं नुसतं ओठांनी. बायकांची नावं, पोरांची नावं, यादीत नसलेल्या तान्ह्या पोरांचीसुद्धा नावं त्यांनी घेतली, आणि आयांनी "हाय" म्हटलं. एक फेरी संपली तशी दुसरी सुरू केली. जोवर नाव पुकारलं जातंय तोवर माणूस जागचं हलत नाही, हे त्यांना कुठून सुचलं देव जाणे. मला तर त्या वेळी माझंही नाव कुणी तरी घ्यावं असं वाटत होतं.

"पार्वता सकपाळ."

उत्तर नाही.

पहिल्या फेरीत गोंधळात ते निसटलं होतं. आता सगळी खोली ऐकत होती.

"पार्वता बाळू सकपाळ!"

सुमनच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. तिनं सकाळी म्हातारीला शेवटचं कधी पाहिलं ते तिला आठवेना. कुणी तरी म्हणालं, बकरी सोडायला वर जाते म्हणत होती. शांतारामनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. भाऊसाहेबांनी तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता, आणि मी आयुष्यात कुठल्याही नावाची इतकी वाट पाहिलेली नाही.

शाळेच्या मागून, खिचडीच्या शेडमधून, आवाज आला.

"हाय रे, हाय! कितींदा इचारशील? सभेला येनार नाय म्हनून तर हितं बसलेय! येकदा शबुद दिलाय ना तुला!"

भाऊसाहेब दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. नंतर विषय सरपंचताईंनी वाचला. सूचक शांताराम, अनुमोदक खालच्या गावातला त्याचा कायमचा भांडणदार. हात सगळ्यांचे वर गेले. वरची वाडी अर्धी उरली होती. त्यात शांतारामचं घर नव्हतं, म्हैसही नव्हती.

त्यांची बदली व्हायच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पोलादपूरला. पावसाळा उलटल्यावर बैठक लागली होती आणि परवानगी न घेता शाळा उघडली म्हणून मलाही बोलावलं होतं. या खेपेला तयारी मी केली होती. त्यांना विचारतील त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मुद्देसूद लिहून कागद त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी तो न वाचता घडी घालून खिशात ठेवला.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सौम्यपणेच विचारलं, "ठराव नव्हता, वरून आदेश नव्हता. मग लोकांना हलवायचा निर्णय तुम्ही कुठल्या आधारावर घेतला? मला लिहावं लागेल, म्हणून विचारतोय."

भाऊसाहेब उभे राहिले. कागद काढला नाही.

"साहेब, मी घाबरलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे, फार घाबरलो होतो."

मागे कुणी तरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बसा."

भाऊसाहेब माझ्या शेजारी येऊन बसले. पुढचा विषय सुरू झाला होता. ते माझ्या कानाशी वाकले.

"मास्तर, नीट बोललो का?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून त्याची खात्री करून घेतली, आणि मग दोन्ही हात मांडीखाली घालून, सभा संपेपर्यंत तसेच दाबून ठेवले.